शंभर ऑक्टेन कोणाला पचतं?

1 डिसेंबर 2020 रोजी इंडियन ऑइलने ‘एक्सपी 100’ हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं. मथुरेच्या रिफायनरीत तयार झालेलं हे पेट्रोल पहिल्या टप्प्यात दहा शहरांत मिळू लागलं आणि त्यांत मुंबई व पुणे ही दोन्ही होती. दिल्लीत त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता. साधं पेट्रोल तिथे तेव्हा 82 रुपयांच्या घरात होतं.

जवळजवळ दुप्पट पैसे मोजल्यावर टाकीत नेमकं काय पडतं, हा प्रश्न पंपावर क्वचितच कोणी विचारतो. गाडीवर जीव असलेल्या माणसाला उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटतं: आकडा मोठा, म्हणजे ताकद जास्त. नवी गाडी घरी आणताना आवर्जून महागडं पेट्रोल भरणारे, दसऱ्याला झेंडूच्या हारासोबत गाडीला ‘चांगलंचुंगलं’ पाजणारे लोक आहेत. त्यामागचं प्रेम खरं आहे. पण त्या प्रेमात एक गैरसमज आहे आणि तो पेट्रोलपुरता राहत नाही. चांगलेपणा वस्तूच्या अंगी असतो, की घेणाऱ्याला ती मानवण्यात असतो? आणि घेणाऱ्याला मानवली, एवढ्यावरून ती चांगली ठरते का?

इंजिनात फेरफार करून घेणाऱ्याला हे दोन्ही प्रश्न चुकवता येत नाहीत. चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलो जीटी टीएसआय घेऊन एखादा तरुण ट्यूनरकडे जातो, टर्बोचा बूस्ट वाढवायचा असतो, इसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रिमॅप करायचा असतो. तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वीच ट्यूनर विचारतो: मॅप कुठल्या पेट्रोलचा टाकायचा? या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘सगळ्यात भारी’ असं देता येत नाही.

आधी त्या आकड्याचा अर्थ पाहायला हवा. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ येते, पिस्टन वर चढत ते मिश्रण दाबतो आणि ठरल्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणभर पसरते आणि पिस्टनला खाली रेटते. हे शिस्तीत झालं की इंजिन गोड चालतं. पण हवा दाबली की तापते. ज्योत अजून पोचलेली नाही अशा कोपऱ्यातलं मिश्रण कधी कधी दाब आणि उष्णता सहन न होऊन आपणच पेटतं, तेही एकदम, स्फोटासारखं. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात आणि टकटक असा धातूचा आवाज येतो. हे नॉकिंग. जुने मेकॅनिक गाडी चढावर घालून नुसत्या कानाने ‘टायमिंग पुढे गेलंय’ असं सांगत. फार काळ नॉकिंग होत राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तडकतो, हेड गॅस्केट जातं, पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग ही म्हण या मिश्रणालाही तंतोतंत लागू पडते.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे हा उतावळेपणा आवरण्याची इंधनाची कुवत. दाब वाढत असताना, ताप वाढत असताना, ठिणगी येईपर्यंत ते थांबू शकतं का, एवढंच तो आकडा सांगतो. पेटल्यावर किती उष्णता देईल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मोठ्या आकड्याच्या नोझलमधून ताकद येते असं ज्याला वाटतं, त्याच्या टाकीत प्रत्यक्षात संयम पडत असतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर इथेनॉलकडे पाहावं. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल काढणारे साखर कारखाने कोल्हापूर, सांगलीपासून नगरपर्यंत उभे आहेत, त्यामुळे हा पदार्थ मराठी माणसाच्या शेताबांधावरचाच आहे. त्याचा ऑक्टेन आकडा 108 च्या आसपास, म्हणजे महागड्या पेट्रोलच्याही वर. आणि लिटरमागे ऊर्जा? पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. ताकद कमी, धीर जास्त. शिवाय वाफ होताना ते आजूबाजूची बरीच उष्णता शोषून घेतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये येणारी हवा थंड होते आणि नॉकिंग आणखी लांबतं. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. त्याने पूर्वीच्या 91 ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलचा आकडा 95 च्या आसपास गेला आणि अ‍ॅव्हरेज मात्र थोडं उतरलं. एकाच टाकीत आकडा वर गेला आणि ऊर्जा खाली आली.

हा आकडा ठरवण्याची रीतही मोठी बोलकी आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन, जे नॉकिंगला दाद देत नाही, त्याला 100 गुण. नॉर्मल हेप्टेन, जे लगेच भडकतं, त्याला शून्य. हे शुद्ध हेप्टेन त्या काळी मिळायचं ते पश्चिम अमेरिकेतल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून. एखादं पेट्रोल 91 ऑक्टेनचं आहे याचा अर्थ त्यात 91 टक्के आयसो-ऑक्टेन आहे असा नाही. प्रमाणित चाचणी इंजिनात ते 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागतं, इतकाच त्याचा अर्थ. पेट्रोल काय आहे हे हा आकडा सांगत नाही. दाबाखाली ते कसं वागतं, हे सांगतो. भारतीय तत्त्वचिंतनात गुण आणि स्वभाव यांवर जी चर्चा आहे तिच्याशी परिचय असलेल्या वाचकाला इथे ओळखीची खूण सापडेल: स्वभाव कळतो तो परिस्थितीच्या कसोटीवर.

मग शंभर ऑक्टेन कोणी घ्यावं?

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे, आणि तेही अग्नीच्याच भाषेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाने ओळखला जातो. माणसाने मात्रेत खावं आणि ती मात्रा त्याच्या अग्नीच्या बळावर ठरावी, हा त्याचा आरंभीचाच सिद्धान्त. पुढे विमानस्थानात चरक अग्नीचे चार प्रकार सांगतो: तीक्ष्ण, मंद, सम आणि विषम. तूप हलकं की जड, दूध चांगलं की वाईट, एवढ्यावर चरकाच्या दृष्टीने प्रश्न संपत नाही. कोणाच्या अग्नीवर पडणार आहे ते आधी सांगा, मग बोलू. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याच्या आहाराची चर्चा अति खाणं आणि मुळीच न खाणं या दोन टोकांना नाकारून ‘युक्त’ आहारापाशी येते. युक्त म्हणजे जुळणारा, जोडला जाणारा.

इंजिन हा अग्नी आहे यात कसलंही अलंकरण नाही. साध्या हॅचबॅकचं, टर्बो नसलेलं, 91 ऑक्टेनसाठी बांधलेलं इंजिन हा समाग्नी. त्यात शंभरचं पेट्रोल घातलं तर अपाय काही नाही, पण मिळत काही नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटारचालक संघटनेने 2016 मध्ये चाचण्या घेतल्या आणि साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांना प्रीमियम पेट्रोलचा काहीच फायदा होत नाही असं सांगितलं. गरज नसताना प्रीमियम भरून अमेरिकन लोकांनी वर्षभरात 2.1 अब्ज डॉलर वाया घालवले, असा त्यांचा अंदाज होता. ज्या संयमाची परीक्षाच होणार नाही, तो विकत घेतला गेला होता.

बूस्ट वाढवलेलं इंजिन हा तीक्ष्णाग्नी. त्याला साधं पेट्रोल बाधतं. मे महिन्यात, भर दुपारी, खंबाटकीच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब आणि ताप कळसाला पोचतो. नॉक सेन्सरला चाहूल लागते, इसीयू ठिणगी मागे खेचतो, एक्झॉस्ट तापतो आणि पैसे देऊन मिळवलेली ताकद गाडी स्वतःच परत ठेवते. सेन्सर आणि इसीयू पुरेसे चपळ नसतील तर पिस्टन किंमत मोजतो.

या जुळण्याचा इतिहासातला सगळ्यात ठळक दाखला 1940 चा आहे. ब्रिटनवरच्या हवाई लढाईच्या आधी स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांना 87 ऐवजी 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं. हे पेट्रोल मोठ्या प्रमाणावर तयार व्हावं म्हणून 1930 च्या दशकात शेल कंपनीत जिमी डूलिटल या वैमानिकाने नेट लावला होता, आणि तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेल की नाही याचीच अनेकांना शंका होती. पण नुसतं पेट्रोल बदलून विमान वेगवान झालं नाही. बूस्टची मर्यादा चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून 12 पौंडांवर नेली, तसे नियंत्रकात बदल केले, तेव्हा त्याच इंजिनातून शेकडो जादा अश्वशक्ती निघाल्या. पेट्रोलने फक्त परवानगी दिली. काम यंत्राला करावं लागलं. गुरूने मंत्र दिला तरी साधना शिष्यालाच करावी लागते, असं परमार्थात म्हणतात ते याच अर्थाने.

इथे ‘अधिकार’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. वेदान्तात ग्रंथाच्या आरंभी अधिकारी कोण हे सांगण्याची प्रथा आहे: हे ज्ञान कोणाला पेलेल, कोणाला फळेल? शंभर ऑक्टेनचा अधिकारी कोण, हा प्रश्न त्याच जातीचा. पण हा शब्द वापरताना हात पोळल्याशिवाय राहत नाही, आणि पोळायलाच हवा. कारण अधिकारभेदाची ही सुंदर कल्पना आपल्या समाजाने शतकानुशतकं जन्माला बांधून ठेवली. स्त्रिया आणि शूद्र मानलेल्या माणसांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही असं सांगितलं गेलं. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपती शाहू महाराजांना तुम्ही पुराणोक्त मंत्रांचेच अधिकारी, असं ऐकवण्यात आलं. कुवत न तपासता कूळ तपासलं गेलं. वारकरी संतांनी हे दार सगळ्यांसाठी उघडलं, पण त्यासाठी त्यांना जे सोसावं लागलं ते महाराष्ट्राने विसरता कामा नये.

आणि गंमत अशी की, जन्मसिद्ध अधिकाराच्या विरोधातला एक भक्कम युक्तिवाद गॅरेजमध्येच उभा असतो. मॉडिफाय केलेलं इंजिन कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा 91 चं अधिकारी होतं. मग त्याला मोठा इंटरकूलर मिळाला, फोर्ज्ड पिस्टन मिळाले, नवा मॅप मिळाला आणि त्याचा अधिकार बदलला. जन्म कुठल्या प्रॉडक्शन लाइनवर झाला हे आता सांगण्याजोगं महत्त्वाचं उरलं नाही. अधिकार म्हणजे आजची तयारी. ती घडवता येते, आणि दुर्लक्ष केलं तर गमावताही येते: प्लग खराब झाले, सिलिंडरमध्ये कार्बन साचला, कूलंट कमी झालं की तेच इंजिन कालचं पेट्रोल आज पचवू शकत नाही.

डिझेलचा विचार केला की ‘उत्तम’ या शब्दाची उरलीसुरली हवा निघून जाते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नाही. दाबलेल्या, तापलेल्या हवेत इंधन फवारल्याबरोबर ते आपणहून पेटायला हवं. पेट्रोलमध्ये जो दोष, तोच इथे गुण, आणि त्याचं माप सीटेन नावाच्या वेगळ्या आकड्याने घेतात. एकाचा स्वधर्म तो दुसऱ्याचा घात. पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल पडलं की हे तत्त्वज्ञान फार महागात शिकायला मिळतं.

ज्याला शून्य गुण मिळाले त्या हेप्टेनची कथाही सांगायला हवी. 1988 च्या फॉर्म्युला वन हंगामात मॅक्लारेनच्या गाड्यांनी, आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्ट यांच्या हाती, 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. त्या गाड्यांतल्या होंडाच्या टर्बो इंजिनाचं इंधन म्हणजे 84 टक्के टोल्युइन आणि 16 टक्के नॉर्मल हेप्टेन. टोल्युइनचा ऑक्टेन नियमांतल्या 102 च्या मर्यादेपेक्षा खूप वर जात होता. तो मर्यादेत आणण्यासाठी शून्याची भर घालावी लागली. शर्यतीच्या इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी हंगामांपैकी एकात, टाकीच्या साधारण सहाव्या हिश्शात पट्टीवर तळाला बसवलेला पदार्थ होता. कुठलीही वस्तू मुळातच हलकी असते असं म्हणणाऱ्याने हे मिश्रण आठवावं.

पण आता ट्यूनरच्या प्रश्नाकडे. व्यवहारात समंजस ट्यूनर एक गोष्ट बजावतात: मॅप अशा पेट्रोलचा टाका जे रोज मिळेल. शंभर ऑक्टेनचा मॅप आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसच्या दिवशी झकास चालेल. पण रात्री अकराला कोकणातून परतताना काटा खाली आला, आणि वाटेतल्या पंपावर फक्त साधं मिळत असलं, तर त्या मॅपचा आधार राहत नाही. सगळ्यात चांगल्या दिवसाच्या पेट्रोलवर नव्हे, सगळ्यात वाईट दिवशी हाती येणाऱ्या पेट्रोलवर इंजिन बांधावं. आपल्याकडच्या आज्या व्रतांबद्दल हेच सांगत: जे झेपेल तेच धरावं, धरलेलं सोडू नये. ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी दोन मॅप ठेवून गरजेनुसार बदलण्याची सोयही असते, पण मग टाकीत नेमकं काय आहे याची नोंद मालकाने प्रामाणिकपणे ठेवावी लागते. दोन लिटर शंभर आणि दहा लिटर साधं यांच्या मिश्रणाला शंभरचा मॅप लावणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

इथवरचं चांगलेपण इंजिनाच्या भिंतींच्या आतलं होतं. पेट्रोल या इंजिनाला मानवतं का, एवढंच पाहिलं. एक्झॉस्टच्या पलीकडे कोण उभं आहे हे पाहिलेलं नाही. आणि ऑक्टेनचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला तिथे पाहावंच लागतं.

1910 च्या दशकात अमेरिकेत डेटन इथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नॉकिंगवर उपाय शोधत होते. अल्कोहोल मिसळलं की नॉकिंग थांबतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. ऑक्टोबर 1921 मध्ये मिजली 30 टक्के अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावर जास्त कॉम्प्रेशनची गाडी चालवत डेटनहून इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या बैठकीसाठी गेले होते. पण अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकत होता. ते भरपूर मिसळावं लागत होतं आणि त्यावर कोणाची मक्तेदारी बसवणं शक्य नव्हतं. दोन महिन्यांच्या आत, 9 डिसेंबर 1921 रोजी, टेट्राएथिल लेड सापडलं. गॅलनभर पेट्रोलमध्ये काही मिलिलिटर पुरत होतं, आणि त्यावर नियंत्रण ठेवता येत होतं. फेब्रुवारी 1923 मध्ये ते डेटनच्या एका पंपावर ‘एथिल’ या नावाने विकायला आलं. त्या नावात शिशाचा उच्चार नव्हता. त्याच वर्षी इंडियानापोलिस 500 शर्यतीत पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या गाड्या याच पेट्रोलवर धावल्या.

शिसं विष आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. रोमन काळापासून ते ठाऊक होतं. मिजली स्वतः 1923 च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेतून सावरण्यासाठी फ्लोरिडाला गेले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत टेट्राएथिल लेड बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलींनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. मे 1925 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी याला जाहीर विरोध केला. तरी पुढच्या वर्षी सरकारी समितीने बंदी घालण्यासारखं काही सापडत नाही असा निर्वाळा दिला, आणि जगभरच्या गाड्या पुढची अनेक दशकं शिसं ओकत राहिल्या.

ते शिसं कुठे गेलं हे शोधून काढलं क्लेअर पॅटरसन यांनी. पॅटरसन खरं तर पृथ्वीचं वय मोजत होते. उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते 4.55 अब्ज वर्षं येतं हे त्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलं. पण मोजमाप करताना त्यांना दिसलं की प्रयोगशाळेच्या धुळीत, पाण्यात, माणसांच्या केसांत, सगळीकडे शिसं आहे. 1965 मध्ये त्यांनी हे मांडलं, तेव्हा उद्योगाने त्यांची वाट अडवण्याचा भरपूर प्रयत्न केला. 1965 मध्ये त्यांनी हे मांडलं, तेव्हा उद्योगाने त्यांची वाट अडवण्याचा भरपूर प्रयत्न केला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो. ज्या मुलांच्या घरी गाडी नव्हती, रस्त्याच्या कडेला ज्यांचं घर होतं, त्यांच्या रक्तात हा ऑक्टेन उतरला.

भारतात 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यांच्यासाठी शिसेमुक्त पेट्रोल आलं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, जुलै 2021 मध्ये थांबला. शोध लागल्यापासून शंभर वर्षांना पाच महिने कमी.

मराठी सार्वजनिक जीवनात गांधीविचारासोबत ‘साधनशुचिता’ हा शब्द रुजला. साध्य कितीही चांगलं असो, ते मिळवण्याचं साधन स्वच्छ हवं. टेट्राएथिल लेड इंजिनाच्या दृष्टीने निर्दोष होतं. नॉकिंग थांबलं, कॉम्प्रेशन वाढलं, अ‍ॅव्हरेजही सुधारलं. ज्याच्यासाठी ते चांगलं होतं त्याला त्याने खरोखर फायदा दिला. तरीही ते वाईट होतं, कारण त्या संयमाची किंमत दुसऱ्याच्या मुलांकडून वसूल होत होती. ‘मानवतं का’ हा प्रश्न आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. ‘आणखी कोणाला भोगावं लागेल’ हा दुसरा प्रश्न विचारेपर्यंत इंधनाची निवड पूर्ण होत नाही. ज्या अल्कोहोलला 1921 मध्ये बाजूला सारलं, तेच आज उसाच्या फडातून ऑक्टेन वाढवायला परत आलं आहे. त्याचेही स्वतःचे प्रश्न आहेत, उसाला लागणारं पाणी हा त्यांतला मोठा. पण निदान ते प्रश्न उघड्यावर आहेत आणि त्यांवर भांडता येतं.

साधनाच्या शुद्धतेसाठी महाराष्ट्रात एका माणसाने जीव दिला आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीत इंधनाच्या भेसळीचा छडा लावायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. पेट्रोलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळलं की त्याचा ऑक्टेन कोसळतो. शंभर लिटरमागे चार पैसे कमावण्यासाठी कोणी तरी हजारो इंजिनांचा अग्नी विषम करत असतो. आपल्या गाडीत पडणाऱ्या थेंबाच्या शुद्धतेमागे अशी माणसं उभी असतात, हे पंपावर रांगेत असताना आठवलं तर बरं.

आता राहिला आजचा मोह. ताकद वाढवताना दुसऱ्या टप्प्यात अनेक जण एक्झॉस्टचा डाउनपाइप बदलतात आणि बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असलेली ही जाळी विषारी वायू निरुपद्रवी करते. शिसं हिच्यावर साचून हिला निकामी करतं. अमेरिकेत 1975 च्या मॉडेलपासून शिसेमुक्त पेट्रोल सक्तीचं झालं ते आधी हिला वाचवण्यासाठी, मुलांसाठी नंतर. जी जाळी आणायला एवढा संघर्ष झाला, ती थोड्या जादा अश्वशक्तीसाठी काढून कपाटात ठेवणं हे 1923 च्या चुकीचंच लहान रूप आहे. ऑक्टेन बूस्टरच्या काही बाटल्यांत असलेलं मँगॅनीजचं संयुगही प्लगवर आणि याच जाळीवर थर धरतं, तेव्हा बाटली घेण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायला हवीत.

गाडी मॉडिफाय करायची असेल तर आधी इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा मालकाच्या पुस्तिकेत छापलेला किमान ऑक्टेनचा आकडा पाहा. रोज मिळणाऱ्या पेट्रोलचाच मॅप टाकून घ्या. शंभर ऑक्टेन ज्या इंजिनाला खरोखर लागतं, त्याच्यात ते बिनधास्त भरा. आणि डाउनपाइप बदलायचा असेल तर हाय-फ्लो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेलाच घ्या. तुमच्या गाडीमागे सिग्नलला स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं एखादं मूल असतं, आणि त्याचं नाक एक्झॉस्टपासून फार लांब नसतं.